तेराव्या नावाची हजेरी

या, असे पुढं सरका. बुवांना यायला अजून अवकाश आहे. तबला जुळतोय, पेटीवाल्याला सूर सापडतोय, तेवढ्यात आपली गोष्ट होऊन जाईल. मी काही नारदाच्या गादीवर उभा राहणारा नव्हे. दिवसभर बांगड्यांचं दुकान चालवायचं आणि संध्याकाळी बुवांच्या मागं उभं राहून झांज वाजवायची, एवढंच आयुष्यभर केलं. पण ही गोष्ट माझ्या हातनं घडलेली आहे, म्हणून ती मीच सांगायला हवी. मांडी घाला आणि कान इकडं द्या.

अठरा वर्षं झाली. फाल्गुनातली दुपार होती. आमच्या निमशिरसच्या शाळा नंबर चारच्या व्हरांड्यात मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो होतो आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या ठकूताई परातीत तांदूळ निवडत होत्या. नगरपालिकेचा शिपाई सायकल भिंतीला टेकवून आला, पाकीट दिलं, सही घेतली, माठातलं पाणी प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "अण्णा, नीट वाचून घ्या. साधं पत्र नाही ते."

मी वाचलं. ठकूताईंना ऐकू जाईल असं वाचलं, कारण त्यांना चष्मा नव्हता.

'आपण सादर केलेल्या बेघर निवारा केंद्राच्या यादीतील नावे बनावट असल्याचे निदर्शनास आले आहे. दिनांक अकरा रोजी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष हजेरी घेण्यात येईल. नाव व व्यक्ती यांचा मेळ न बसल्यास अनुदान रद्द करून इमारत ताब्यात घेण्यात येईल.'

ठकूताईंचा हात परातीत थांबला. "इमारत म्हणजे ही?"

"दुसरी कुठली आहे आपल्याकडं?"

शाळेत मुलं उरली नाहीत म्हणून नगरपालिकेनं ती बंद केली, तेव्हा आमच्या कीर्तन मंडळातल्या आठ जणांनी ती मागून घेतली होती. एस.टी. स्टँडच्या शेडमध्ये, बाजार समितीच्या कट्ट्यांवर माणसं पडून असायची. त्यांना छप्पर द्यावं, दोन वेळचं पोटात घालावं, असं बुवांनी एका कीर्तनात सांगितलं आणि आम्ही ते मनावर घेतलं. हात आमचे, धान्य आणि दिवाबत्ती नगरपालिकेची, असा चार वर्षं संसार चालला होता. पंचवीस माणसं होती. मार्चअखेर अनुदान नव्यानं मंजूर झालं नाही, तर ती पंचवीस माणसं उठून पुन्हा कट्ट्यावर जाणार, एवढं त्या कागदाचं सरळ सांगणं होतं.

"आपल्यातल्याच कुणीतरी जाऊन सांगितलंय," मी म्हणालो.

"काय सांगितलंय?"

"नावं बनावट आहेत म्हणून."

"मग आहेतच की," ठकूताई खडा बाजूला टाकत म्हणाल्या.

"देवाचं नाव बनावट कसं असेल?"

"देवाचं नाही हो, अण्णा. माणसाचं."

आता ते नावांचं सांगायला हवं. निवाऱ्यात येणारा प्रत्येक जण नाव सांगतोच असं नाही. कुणाला आठवत नाही, कुणाला आठवतं पण घरच्यांना कळायला नको असतं, कुणी नुसताच बघत राहतो. रजिस्टर माझ्याकडं. नावाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, असा नगरपालिकेचा दंडक. मग मी एक तोडगा काढला. सकाळी आचमन करताना आपण देवाची चोवीस नावं घेतो ना, केशव, नारायण, माधव, गोविंद, ती क्रमानं देत गेलो. नाव न सांगणारा पहिला आला तो केशव, दुसरा नारायण. बायका आल्या त्यांना नद्यांची नावं दिली, गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती. मला वाटायचं, जगानं टाकलेल्या माणसाला याहून मोठं काय द्यावं? पाचव्या-सातव्यालाच ते नाव इतकं गोड वाटायला लागलं, की मी पुरतं विचारायचंही सोडून दिलं. एका पायाचा माणूस आला, त्याच्या वाट्याला ओळीत नेमकं त्रिविक्रम आलं. तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा. मंडळात आम्ही त्यावर हसलो, आणि हातही जोडले.

पण हाक मारताना ही नावं कोण घेणार? आम्ही त्यांना कुबडीवाले, टोपीवाले, थोरले बाबा असंच म्हणायचो. चौथा, गोविंद, कधी बोलतच नसे. त्याला सगळे मौनी म्हणत.

तेरावा आला तो माघात. शेजारच्या मारुतीच्या देवळात कीर्तन सप्ताह चालला होता. संध्याकाळचे सहा वाजत आलेले, बुवा उभे राहिलेले, आणि मी गळ्यात झांज अडकवून निघालेला. तोच हा दारात. साठीचा, काटक, हातात कापडी पिशवी. मी रजिस्टर उघडलं. "नाव सांगा, पाहुणे."

त्याला खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. इकडं गजर सुरू झाला. झांजेवाचून गजर म्हणजे मिठावाचून आमटी. मी म्हटलं, "असू द्या, असू द्या," आणि तेरावं नाव लिहून पळालो. संकर्षण.

पत्र आलं त्या दुपारी मला तो आठवला. त्याच्याआधी कधी असलं पत्र आलं नव्हतं, आणि तो आल्याला महिनाही झाला नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली.

मी पाळत ठेवली. बेघर माणसाच्या पायात नव्या वहाणा कशा? दाढी एक दिवसाआड कशी? दुपारी जेवण झालं, की हा पिशवी घेऊन बाहेर पडायचा, नगरपालिकेच्या रस्त्यानंच जायचा आणि तासाभरानं परत यायचा. मी एकदा सहज म्हणून विचारलं, "ऊन उतरू द्यावं की, पाहुणे. कुठं जाता?"

"पाय मोकळे करतो."

"नगरपालिकेपर्यंत?"

"तिच्या पुढं दवाखाना आहे," तो म्हणाला. त्यावर मी मनात म्हटलं, उत्तर तयारच ठेवलंय.

आणखी एक. त्याची सगळ्यांशी कुजबुज चालायची. मागच्या अंगणात कडुनिंबाच्या सावलीत एकेकाला जवळ घेऊन बसायचा आणि कानाशी काहीतरी सांगायचा. मी गेलो की गप्प. एकदा थोरले बाबा माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावलेल्या बाईसारखे हसले. एकदा मौनीच्या समोर बसून हा त्याचा हात वर उचलत होता, खाली सोडत होता, परत वर उचलत होता. मी ठकूताईंना म्हटलं, "हा माणसं फितवतोय. अकरा तारखेला यांना काय बोलायचं ते पढवतोय."

"पढवून त्याला काय मिळणार? तोही बाहेरच जाणार ना आपल्याबरोबर?"

"जो ज्याचा माणूस, त्याला तो सांभाळतोच."

"अण्णा, तुम्ही रोज कीर्तन ऐकता," ठकूताई म्हणाल्या, "आणि एवढा संशय कुठं साठवता?"

ठकूताई मंडईत कोथिंबीर-मिरचीचे वाटे लावायच्या. शब्दही तसेच, मोजून आणि तिखट. पण मनातली गोष्ट मनातून गेली नाही.

दहा तारखेला, हजेरीच्या आदल्या दिवशी, मी दुकान लवकर बंद करून दुपारी तीनच्या सुमाराला आलो. रजिस्टर मी कपाटात ठेवायचो, कपाटाला कडी होती, कुलूप नव्हतं. संकर्षण माझ्या जागेवर बसला होता. रजिस्टर समोर उघडं. बोट एका नावावरनं दुसऱ्यावर सरकत होतं आणि ओठ हलत होते.

मी दारातच उभा राहिलो. मला राग आला म्हणण्यापेक्षा बरं वाटलं म्हणा. संशय खरा ठरला, की माणसाला असलंच काहीसं बरं वाटतं.

"सापडलं का काही?" मी म्हणालो.

तो दचकला नाही. रजिस्टर मिटून दोन्ही हातांनी सरळ ठेवलं. "अण्णा, ही यादी साहेब लोकांपुढं टिकायची नाही."

"तुम्हाला काय ठाऊक कशापुढं काय टिकतं ते?"

"आहे थोडं ठाऊक."

"कुणाच्या सांगण्यावरून उघडलंत?"

"कुणाच्या नाही."

"मग कुणासाठी?"

"यांच्यासाठी," त्यानं अंगणाकडं मान वळवली. मग जरा थांबून म्हणाला, "नावं हाक मारायला असतात, अण्णा. तुम्ही ती पूजेला मांडलीत."

ते वाक्य मला झोंबलं. माझ्या भक्तीवर या उपऱ्यानं बोट ठेवावं? मी म्हणालो, "बघा पाहुणे, मी भांडणारा माणूस नाही. उद्या तपासणी आहे. ती होईपर्यंत तुम्ही इथं दिसायला नको."

"उद्या हजेरी आहे."

"म्हणूनच."

"मी नसलो तर एक कमी भरेल."

"एक कमी भरला तर चालेल. एक घरभेद्या नको."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. काही बोलेल असं वाटलं, पण पुन्हा खोकला आला आणि बोलायचं राहून गेलं. खोकला थांबल्यावर तो आत गेला, चादरीची घडी घातली, पिशवी घेतली. अंगणात जाऊन कुबडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, मौनीसमोर उभा राहून आपला हात वर केला. मौनीनं हात वर केला. मला वाटलं, निरोप चाललाय.

त्या वेळी ठकूताई दळण आणायला गेल्या होत्या. आल्या तर जागा रिकामी. "कुठं गेले ते?"

"गेले."

"गेले का घालवलेत?"

मी झांजेचा गोंडा नीट करत राहिलो. ठकूताईंनी पिठाचा डबा जोरात खाली ठेवला.

अकरा तारखेला अकराला पाच कमी असताना नगरपालिकेच्या, परदेशी आडनावाच्या मॅडम आल्या. पस्तिशीच्या, बारीक, खांद्याला पर्स, हातात आमच्याच यादीची प्रत. चहा नको म्हणाल्या. खुर्ची व्हरांड्यात लावून घेतली आणि सगळ्यांना अंगणात बसवलं.

"हे पाहा अण्णा," त्या म्हणाल्या, "मी नाव घेणार. ज्याचं नाव, त्यानं उठायचं. तुम्ही बोलायचं नाही, खूण करायची नाही. इथं माझ्या मागं उभे राहा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि तसला उजेड शत्रूच्याही डोक्यात पडू नये. केशव कोण हे मला ठाऊक होतं, रजिस्टरला ठाऊक होतं. केशवला ठाऊक नव्हतं. चार वर्षांत मी एकालाही त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

आधी ज्यांनी स्वतःची नावं सांगितली होती त्या आठ जणांची हजेरी झाली. ती सरळ गेली. मग मॅडमनी पान उलटलं आणि मान मागं वळवून माझ्याकडं बघितलं. "आता तुमची चोवीस नावं. म्हणजे तेरा. तुमच्या यादीची नक्कल करताना आमच्या आवक-जावकच्या लिपिकाला वाटलं, आपण सकाळची संध्याच करतोय. दोनदा म्हणाला आणि मग वरिष्ठांकडं घेऊन गेला."

म्हणजे पत्र तिथनं आलं होतं. तक्रार करायला कुणी गेलंच नव्हतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण सरकून जायला जागा नव्हती. मॅडमनी हाक मारली होती.

"केशव."

अंगणात एक चिमणी ओट्यावर उतरली आणि उडाली. कुणी हललं नाही. मी डोळे मिटले. मारुतीरायाला काय काय बोललो ते सांगत नाही.

"केशव," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

"हाय की," आवाज आला. डोळे उघडून बघतो तर थोरले बाबा गुडघ्यावर हात टेकून उठत होते. "जरा वेळ लागतो उठायला, बाई. हजर."

"नारायण."

"हजर," टोपीवाल्यानं टोपी काढली.

"माधव." हजर. "गोविंद."

मौनी बसला होता तसाच बसला होता, नजर जमिनीवर. मॅडम वाट बघत होत्या. मग त्याचा उजवा हात उचलला गेला, हळूहळू, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणि तिथं थांबला. मॅडमनी खूण केली तरी तो खाली घेईना. शेजारच्यानं धरून खाली आणला.

विष्णू उठला, मधुसूदन उठला. "त्रिविक्रम" म्हटल्यावर कुबडीवाला कुबडीवर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "त्रिविक्रम हजर. जोडाक्षर आहे, आठ दिवस लागले मला." अंगणात हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण पेन्सिल थांबली नाही. वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर. प्रत्येक हाकेला एक माणूस जमिनीतनं उगवावा तसा उठत होता, आणि मी मॅडमच्या मागं, ज्यानं नावं ठेवली तो, त्यातल्या एकेकाकडं पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होतो.

"संकर्षण."

कुणी उठलं नाही.

"संकर्षण," मॅडम म्हणाल्या. अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

"मॅडम, ते गेले."

"कधी?"

"काल."

"का?"

मी झांज वाजवणारा माणूस, ठेका चुकला की मला कळतो. इथं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण समोर ठकूताई उभ्या होत्या.

"मी घालवलं त्यांना. मला ते तुमचा माणूस वाटले."

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. "आमचा?"

"रजिस्टर वाचताना सापडले. माणसांच्या कानाशी लागायचे."

"बाई," कुबडीवाला मधेच म्हणाला, "तो मुकादम आम्हाला नावं शिकवत होता. म्हणायचा, हजेरीला साहेब नुसतं कागद बघत नाही, हाक मारतो. त्यानं रस्त्याच्या कामावर तीस वर्षं माणसांची हजेरी घेतलेली. कागदावरचा माणूस हाकेला उठला नाही तर काय होतं ते त्यानं पाहिलंय, असं म्हणायचा. अण्णांना सांगू नका म्हणाला, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी भक्तीनं ठेवलीत."

मॅडमनी यादी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "पाठ केलेलं आहे हे मला दुसऱ्या नावालाच कळलं. पण पाठ करायला माणूस असावा लागतो. तो आहे की नाही एवढंच बघायला मी आले होते." तेराव्या नावासमोर त्यांनी 'गैरहजर' लिहिलं, आमच्या रजिस्टरातही. "आणि अण्णा, आमचा माणूस असता तर त्यानं एवढी मेहनत घेतली नसती."

मग यमुना-गोदावरीची हजेरी झाली, सह्या झाल्या. अनुदान कायम ठेवावे, असा शेरा त्यांनी आमच्यासमोरच लिहिला. खाली एक ओळ घातली, पुढील महिन्यापासून नावे विचारून लिहावीत.

विचारली. ज्याला मी विष्णू केलं होतं तो निघाला शंकर. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, मीच गजराच्या नादात ऐकलं नाही. बारा जणांपैकी सात जणांनी नाव सांगितलं. एवढंच की आधी कुणी थांबून विचारलं नव्हतं.

पण त्या दुपारी माझं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. मॅडम गेल्याबरोबर मी एस.टी. स्टँडवर गेलो. मग बाजार समितीत. मग दवाखान्यात. तिथली नर्स म्हणाली, रोज दुपारी येऊन इंजेक्शन घेऊन जायचे, काल येऊन गेले, आज आले नाहीत. कागदावर काय नाव आहे, मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांचे कोण?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून तिनंही नाव दिलं नाही. आठ दिवस मी आसपासची सहा गावं फिरलो. संकर्षण म्हणून विचारलं तर लोक हसायचे.

शेवटी चुलीपाशी ठकूताईंच्या समोर जाऊन बसलो. "ताई, त्यांचं खरं नाव तुम्हाला माहीत आहे का?"

त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "पहिल्या दिवशी खोकला थांबल्यावर त्यांनीच सांगितलं. म्हणाले, वहीवाले अण्णा घाईत होते, तुम्ही त्यांना सांगा. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, अण्णा. तुम्ही म्हणालात, आता शाईनं लिहिलंय, खोडाखोड नको."

मला ते आठवतही नव्हतं.

मग त्यांनी मला नाव-गाव पुन्हा सांगितलं. मी रजिस्टर आणलं, शाईनं लिहिलेलं तेरावं नाव खोडलं आणि त्याच्या वर हे लिहिलं. 'गैरहजर' तसंच राहू दिलं. त्यांच्या गावीही जाऊन आलो, तिथंही ते सापडले नाहीत, म्हणून ते अजून तसंच आहे.

ते बघा, बुवांनी उपरणं खांद्यावर घेतलं, आता मला मागं जायला हवं. आज गजर कराल तेव्हा देवाची नावं मनसोक्त घ्या, मीही घेईन. त्याच्याआधी एक मागणं आहे. गेनबा तात्याबा रणपिसे, गाव बोरजाई, रस्त्याच्या कामावरचे मुकादम. मोठ्यानं नको, पण एकदा मनात ही हाक मारा.